दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

१२ सप्टेंबर २०१५, अल्माटी

आयाझानने आज ही वही हातात ठेवली. म्हणाली, "बाई, आठवेल ते लिहून काढा. सजवू नका. तबकडीबरोबर छोटी पुस्तिका द्यायचीय, त्यात घालू." ही पोरगी एके काळी संगीत शाळेत माझ्यासमोर पियानोवर बोटं आपटायची. आता तिची स्वतःची तबकड्या काढायची कंपनी आहे, आणि मी तिचा गृहपाठ करायचाय.

तर लिहिते. १९८२ च्या वसंतात मी, नगीमा, आणि माझा नवरा सापार यांनी रॉकची नऊ गाणी केली. त्याची गिटार, माझा गळा, आणि त्याच्या कारखान्यातल्या मित्राने टेलिफोनचे भाग जोडून केलेली यंत्रं. तबकडी तेव्हा निघाली नाही, कोण काढू देणार होतं! पण फितीच्या नकला हातोहात सैबेरियापर्यंत गेल्या. आता तरुण पोरांना ती कुठूनतरी सापडलीय आणि म्हणे ती रडतात ऐकून. १७ ऑक्टोबरला तबकडी निघणार, त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ती गाणी पुन्हा म्हणायची.

सापार हवेत आहे. काल केस रंगवून आला. थोडा रंग कपाळालाही लागलाय. मी सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर

आज मूळ फीत साफ करून ऐकवली. पहिली बाजू ऐकताना आम्ही हसत होतो. ड्रमवर गोधडी टाकलीय ते ऐकू येतं. मग दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं, पाळण्याचं. शब्द माझ्या आजीचे, खाली सापारची करकरीत गिटार. खोलीतली पोरं एकदम गप्प झाली. मला छाती भरून आल्यासारखी वाटली, खरोखरची. सत्तावन्न वर्षांच्या बाईला! शरीराला अक्कल नसते.

आयाझान, हे तुला ठाऊक आहे, पण तबकडी बाहेरदेशी जाणार म्हणतेस म्हणून लिहिते. आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबा पोटाशी घेतात. त्यांनी मागितलं की नाही म्हणायचं नसतं. मग ते मूल त्यांचं. ते आजीला आई मानतं, जन्म देणाऱ्या बापाला दादा म्हणतं आणि आईला वहिनी. परत मागणं अशुभ, मुलाच्या जिवावर बेततं म्हणतात. शहरात तेव्हाही ही रीत मागे पडत चालली होती. पण माझ्या सासूबाईंनी मागितलं. आमचा मुलगा संझार आठ महिन्यांचा होता आणि अंगावर पीत होता.

सापार त्या दिवशी मान खाली घालून बसला होता. आईपुढे त्याचं काय चालणार! पण तिसऱ्याच दिवशी म्हणाला, "चल, गाऊ या. नाहीतर वेडी होशील." सूतगिरणीच्या सांस्कृतिक भवनाचं सभागृह त्याने आधीच महिनाभरासाठी मिळवून ठेवलं होतं. तो असाच, नेहमी पुढचा विचार करणारा. मी छातीला टॉवेल घट्ट बांधून माइकसमोर उभी राहिले. त्या महिन्यात त्याने मला वाचवलं, हे मी कुणालाही सांगेन.

२० सप्टेंबर

रविवार, म्हणून मोठ्या घरी जेवायला. मोठं घर म्हणजे सासूबाईंचं. त्यांना आम्ही सगळे अपा म्हणतो. शहाऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेत, पण कणीक अजून स्वतःच लाटतात. संझार बायकोसह तिथेच राहतो. पूल बांधणारा इंजिनियर आहे. दिसायला माझ्या वडिलांसारखा.

अपांनी घोड्याच्या मांसाचा चांगला तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला. "सूनबाई, घे."

"राहू द्या अपा. चांगलं ते तुम्ही घ्यायचं, अशीच रीत आहे ना आपली."

असे टोमणे मी तेहतीस वर्षं मारतेय. मला सवय झालीय, त्यांनाही. त्या कधी उलटून बोलत नाहीत. नेहमीसारखं त्यांनी सापारकडे पाहिलं. सापारला वाडग्यातल्या रश्श्यात फार महत्त्वाचं काहीतरी दिसत होतं. आईची बाजूही घेत नाही, माझीही घेत नाही. मध्ये सापडतो बिचारा.

संझार म्हणाला, "तबकडी निघतेय म्हणे."

"हो. येशील? पहिल्या रांगेत जागा ठेवते."

"कामं आहेत." मग चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, एक विचारू? ते पाळण्याचं गाणं तुम्ही लोकांसमोर म्हणता, तेव्हा तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं म्हणून तर म्हणते."

तो हसला, पण हसण्यासारखं नव्हतं. "धन्य आहात दोघं."

घरी येताना ट्रॉलीबसमध्ये मला रडू आवरेना. सापार म्हणाला, "सोड गं, त्याला संगीतातलं काय कळतं!" मला संगीताचं पडलेलं नाही. एवढंच हवंय की त्याने ते गाणं एकदा नीट, शेवटपर्यंत ऐकावं. म्हणजे त्याला कळेल की मी त्याला दिला नव्हता, माझ्याकडून नेला होता. हा कार्यक्रम मी त्याच्यासाठीच करतेय. आयाझान, हे पुस्तिकेत घालू नकोस.

२६ सप्टेंबर

तालीम. माझा आवाज आता खाली उतरलाय, मऊ झालाय. मला आवडतो. सापारला आवडत नाही.

"तो आवाज काढ ना, तेव्हाचा."

"तो कुठून काढू? म्हातारी झाले."

"आठव ना तेव्हाचं सगळं. नीट आठव."

मी आठवलं. आवाज आला. तो खूश झाला आणि मला घरी जाईपर्यंत हुडहुडी भरली होती. थंडी सुरू झालीय. वर डोंगरावर बर्फ पडलंय.

३ ऑक्टोबर

हे पान आयाझानसाठी नाही.

आज मुलाखत होती. दोन खुर्च्या, दिवे, कॅमेरा. आयाझानने सापारला विचारलं, "दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात बाईंचा आवाज एकदम बदलतो. ते कसं झालं?"

कॅमेरा दिसला की सापारचा आवाज दोन सूर खाली जातो. "खरी गोष्ट सांगू?" तो म्हणाला. "ही तेव्हा शाळेच्या समूहगानातल्यासारखी गायची. स्वच्छ, सुरेल, अन् मीठ नाही. त्यात पोर लहान. दर दोन तासांनी दूध. रेकॉर्डिंग व्हायचं कसं? शेवटी मी आईकडे गेलो. म्हटलं, आई, तू मागून घे त्याला. तू मागितलंस की हिला नाही म्हणता यायचं नाही." इथे तो हसला. "पोर गेलं. चौथ्या दिवशी ही माइकसमोर उभी राहिली अन् हे गाणं म्हणाली. मी काचेच्या पलीकडे. अंगावर काटा आला. म्हटलं, मिळाला! हाच आवाज!" आणि त्याने चुटकी वाजवली.

आयाझानचं हसू तोंडावर तसंच राहिलं. कॅमेऱ्यामागच्या पोराने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "बाई, पाणी हवंय?" आयाझानने विचारलं. मी हो म्हणाले. पाणी प्यायले. त्यानंतर मी माइकबद्दल, फितीबद्दल, कशाकशाबद्दल उत्तरं दिली म्हणे. मला एकही आठवत नाही.

येताना सापारने माझा हात हातात घेतला होता. "छान झाली ना मुलाखत?"

४ ऑक्टोबर

सकाळी विचारलं. चहा ओतून, समोर बसून.

"ते खरं होतं?"

"कोणतं? अगं, गोष्ट सांगताना थोडं तिखटमीठ लावावं लागतं."

"सापार."

तो पावाला लोणी लावत राहिला. "बरं, खरं होतं. पण एवढं काय त्यात? परक्याला दिला का? माझ्या आईच्याच मांडीवर ठेवला ना? लाडात वाढला, शिकला. आपण तरुण होतो, एका खोलीत राहत होतो. तू काय त्याला सुखात ठेवणार होतीस?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग!" तो म्हणाला. असा म्हणाला की जणू वाद संपला आणि तो जिंकला.

मी म्हणाले, "मी तुझ्या आईला शिव्या दिल्या. तेहतीस वर्षं. तुझ्या कुशीत शिरून दिल्या. तू माझी पाठ थोपटायचास."

"म्हणजे काय, तू रडायचीस, मग थोपटू नको?"

त्याला खरंच कळत नाही. हेच मला सहन होत नाही. खोटं बोलला असता, लाजला असता, पाया पडला असता, तर मला काहीतरी हातात धरता आलं असतं. त्याने केसाने गळा कापला आणि वर विचारतोय, दुखलं का? आणि माझं मेलीचं डोकं तरी बघा. रात्रंदिवस त्याच्याशेजारी राहून मला दिसलं नाही. सभागृह आधीच घेऊन ठेवलं होतं, हे मीच या वहीत कौतुकाने लिहिलंय.

७ ऑक्टोबर

आज वार बघितला नाही, मोठ्या घरी गेले. संझार कामावर होता. अपा खिडकीशी बसल्या होत्या. मी कोट काढला नाही.

"सापारने सांगितलं," मी म्हणाले. "कॅमेऱ्यासमोर, हसत हसत."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बस, सूनबाई."

"मी उभीच बरी आहे. का केलंत?"

"तो म्हणाला, नगीमाचीच इच्छा आहे. तिला गायचंय, पण आई असून स्वतःच्या तोंडाने कसं म्हणेल? तू माग, म्हणजे तिची लाज राहील. मला वाटलं, मी तुझ्यावर उपकार करतेय."

"आणि मी आठव्या दिवशी न्यायला आले तेव्हा? या दारात बसले होते मी. अंगातून ताप निघत होता, दुधाच्या गाठी झाल्या होत्या."

"तेव्हा कळलं, पोरगा खोटं बोलला."

"मग द्यायचा होतात!"

अपा स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "तोवर तो माझ्याकडे बघून हसायला लागला होता," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगितलं असतं तर तू माझ्या सापारला सोडून गेली असतीस. मला दोन्ही हवे होते, मुलगाही आणि नातूही. तू टोमणे मारायचीस, ते मी गिळले. ते मला स्वस्त पडलं गं. लबाडी माझीही आहे, मी नाही म्हणत नाही."

मला वाटलं होतं की आपण त्यांच्या गळ्यात पडू, इतकी वर्षं उगाच शिव्या दिल्या म्हणून माफी मागू. तेही माझ्या नशिबात नव्हतं. माफी मागण्यासारखंही यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी माझा हात धरला. मी झटकला.

"संझारला मात्र..." त्या म्हणाल्या.

"त्याचं नाव काढू नका माझ्यासमोर," मी म्हणाले आणि निघून आले.

१० ऑक्टोबर

आयाझान आली होती. बिचारीच्या हातात केकचा डबा, जसं कुणाच्या घरी मयत झाल्यावर काय न्यावं ते कळत नाही तसं. म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणाल तर ते गाणं मी काढून टाकते. छपाई थांबवते."

"राहू दे," मी म्हणाले. "गाणं माझं आहे. चोरी त्याची. पण मी गायला येणार नाही. आणि ही वहीही तुला मिळणार नाही."

संध्याकाळी सापारला सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला, मग एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तिकिटं विकली गेलीत! लोकांना काय सांगू मी?"

"सांग, आईने मागून घेतली. नाही म्हणता आलं नाही."

"नगीमा, सूड उगवायचं वय आहे का हे?"

सूड? माझ्यात तेवढी ताकद असती तर! मी फक्त उठून त्याची उशी दिवाणखान्यातल्या कोचावर नेऊन ठेवली. रात्रभर तो खोकत होता. माझ्या कानाला त्याचा खोकला ओळखता येतो, कोरडा की कफाचा. उठून मध-दूध करायला निघाले होते. दारापर्यंत गेले आणि परत येऊन पडले. सवय किती हरामखोर असते.

१४ ऑक्टोबर

संझारला सांगायला हवं. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. काय सांगू? "बाळा, तुझ्या बापाने तुला एका गाण्यासाठी दिला"? चौतीस वर्षांच्या माणसाला? ज्या आजीला तो आई मानतो तिचं नाव घेऊन? सांगितलं तर त्याच्याकडचे दोघंही जातील. आणि मी तर त्याची कधी नव्हतेच. पण नाही सांगितलं तर तो मला जन्मभर पोर देऊन टाकणारी बाई समजणार. हे दुसरं मला सोसवत नाही. मी स्वार्थी झालेय, होऊ दे.

१७ ऑक्टोबर

आज तबकडी निघाली. सापार दुपारीच गेला, गिटार पाठीला लावून. दारातून म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही." मी भांडी घासत होते. नळ मोठा केला.

साडेसातच्या सुमाराला बेल वाजली. संझार होता. कोट भिजलेला, पायात बूट, उंबऱ्याबाहेर उभा. आत ये म्हणाले तर नुसता दाराआतल्या बोळात आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"तुम्ही गेला नाहीत," तो म्हणाला.

"नाही. तू कुठून येतोयस?"

"तिथूनच. तिकीट काढून गेलो होतो."

जन्मात पहिल्यांदा तो आमचं गाणं ऐकायला गेला, आणि मी तिथे नव्हते.

"दादा एकटाच गात होता," तो म्हणाला. "मध्ये गोष्ट सांगितली त्याने. आईला कसं पोर मागायला लावलं, मग आवाज कसा मिळाला. लोक हसले. टाळ्याही वाजवल्या. मी उठून आलो."

"तुला असं कळायला नको होतं रे. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते, फोन उचलला होता..."

"मला सतराव्या वर्षापासून ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"कॉलेजला जायच्या वेळी अपाशी भांडलो होतो. म्हटलं, मला टाकलं कोणी ते सांग. तिने सांगितलं, दादाने. मी विचारलं, वहिनीला ठाऊक आहे? ती म्हणाली, नवराबायकोत काय लपतं!" तो बोलत होता आणि त्याचा आवाज वर वर जात होता. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं. आणि वर त्याचं गाणं केलंत. माझ्या वाढदिवसाला तुम्ही यायचात, डोळ्यांत पाणी आणून माझं तोंड कुरवाळायचात. मला किळस यायची. वाटायचं, काय नाटकी बाई आहे. माहीत असून त्याच्या शेजारी बसते, त्याच्याबरोबर तेच गाणं गाते. आज तेच विचारायला गेलो होतो, सगळ्यांसमोर. कसं गाता म्हणून."

"मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं," मी म्हणाले.

"काय?"

"तू आज ऐकलंस तसंच. कॅमेऱ्यासमोर, हसत सांगत होता. त्याच्याआधी मला काहीच ठाऊक नव्हतं, संझार. मला वाटायचं, अपांनी मागितलं. मी परत न्यायला आले होते. आठव्या दिवशी. त्यांनी दार उघडलं नाही."

तो दारापासून पुढे सरकला. मग म्हणाला, "तुला ठाऊकच नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे एवढी वर्षं..."

"नाही रे."

त्याने आणखी एकदा विचारलं. मी आणखी एकदा नाही म्हणाले. मग तो बोळातल्या छोट्या स्टुलावर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. गाठ पावसाने आवळली होती, सुटेना. मोठमोठे पूल बांधणारा माणूस, त्याला नाडीची गाठ सुटेना. मी खाली बसले. माझे गुडघेही काही फार चांगले नाहीत. त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नखाने गाठ सैल केली, आधी उजवी, मग डावी. त्याने पाय मागे घेतला नाही.

मोजेही ओले होते. तेही काढले. सापारचा फोन दोनदा वाजून थांबला. मी संझारचे पाय शालीच्या टोकाने पुसत होते, आणि हे काम मी तेहतीस वर्षांनी करत होते.